एक्स-रेमध्ये न दिसणारा स्क्रू

स्वित्झर्लंडमध्ये आरे नावाची नदी आहे. मुंबईकराला हे नाव ऐकून दुधाची कॉलनी आठवेल. ही आरे मात्र आल्प्समधून निघून ऱ्हाइनला मिळते. फिलिगेन या गावाजवळ तिच्या दोन्ही काठांवर पाउल शेरर इन्स्टिट्यूट पसरलेली आहे. मूळची ही भौतिकशास्त्रज्ञांची जागा, पण कर्करोगाच्या इतिहासात तिचे नाव १९९६ मध्ये आले. प्रोटॉनचा झोत पेन्सिलीइतका बारीक ठेवायचा आणि गाठीच्या आकारात ठिपक्याठिपक्याने, थराथराने तो फिरवत न्यायचा, ही रीत रुग्णांवर पहिल्यांदा इथे वापरली गेली. ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी घातली आहे त्यांना ती लगेच कळेल. एक ठिपका सरकला की पुढची सगळी ओळ बिघडते.

२०११ साली या संस्थेतल्या डॉक्टरांनी कॉर्डोमा झालेल्या ४० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. कॉर्डोमा ही विचित्र गाठ आहे. आईच्या पोटात असताना मणक्यांच्या आधी जी पृष्ठरज्जू असते, तिच्या मागे राहून गेलेल्या पेशींतून ती उगवते. वाढते सावकाश, पण मुक्काम सोडत नाही. काढली तरी त्याच जागी पुन्हा येते. तिला मारायला ७० ग्रेच्या वर किरणमात्रा लागते, आणि तिला खेटून असलेला मज्जारज्जू ५० ग्रेच्या आसपासच कुरकुरू लागतो. म्हणून आधी शस्त्रक्रियेने निघेल तेवढी गाठ काढायची आणि उरलेलीवर प्रोटॉन सोडायचे, असा तिथला क्रम होता. पाच वर्षांनंतर ६२ टक्के रुग्णांत गाठ जागच्या जागी आटोक्यात होती. अशा चिवट गाठीसाठी आकडा वाईट नव्हता. त्याची फोड केली तेव्हा मात्र कागदावर दोन वेगळेच आकडे आले. ज्यांच्या पाठीत आधारासाठी धातूचे स्क्रू आणि सळ्या बसवलेल्या नव्हत्या, त्यांच्यात १०० टक्के. ज्यांच्या पाठीत त्या होत्या, त्यांच्यात ३०.

या आकड्यांनी धातूवर गुन्हा शाबीत होतो असे नाही. ज्याला सळ्या घालाव्या लागल्या त्याची गाठ मुळातच मोठी, हाड जास्त पोखरलेले, शस्त्रक्रिया जास्त अवघड, हे उघड आहे. रुग्णही थोडेच होते. पण १०० आणि ३० यांच्यातली दरी एवढी रुंद होती की तिच्यावरून डोळे मिटून पुढे जाणे कुणालाच शक्य नव्हते. पाठ उभी राहावी म्हणून जो आधार दिला, तोच औषधाच्या वाटेत उभा राहतो आहे का, हा प्रश्न आता आकड्यांत मांडला गेला होता.

या स्क्रू-सळ्या बहुधा टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियमवर राग धरण्याआधी ते कण्यात आले कसे, हे पाहायला हवे. १८९१ साली टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात बर्थोल्ड हाड्रा या शल्यविशारदाने मोडलेल्या मानेचे मणके मागच्या टोकांना चांदीच्या तारेने बांधले. मणक्याला धातूचा आधार देण्याचा हा आरंभ. पुढची मोठी उडी टेक्सासमध्येच, ह्यूस्टनला पडली. तिथे १९५०च्या दशकात पॉल हॅरिंग्टन यांच्यापुढे पोलिओने पाठ वाकडी झालेल्या मुलांची रांग होती. प्लास्टरच्या कवचात ही मुले गुदमरत होती. हॅरिंग्टन यांनी आकड्यांची पोलादी सळी काढली आणि मोटारीला जॅक लावावा तसा कणा आतून उचलून धरला. १९६३ मध्ये पॅरिसला रेमंड रॉय-कामिय यांनी आकड्याच्या जागी स्क्रू आणला. मणक्याचा पुढचा ठोकळा आणि मागची कमान यांना जोडणारा हाडाचा आखूड खांब असतो, त्याला पेडिकल म्हणतात. त्यातून स्क्रू सरळ ठोकळ्यात उतरवायचा. खांबाच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू, खाली चेतातंतूची मुळी. दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर माणूस अधू. तरीही ही पद्धत टिकली, कारण तिच्याइतकी घट्ट पकड दुसऱ्या कशानेच येत नव्हती.

पोलादाच्या जागी टायटॅनियम आले त्याचे एक कारण गंमतीचे आहे. १९८०च्या दशकात एमआरआय यंत्रे इस्पितळांत येऊ लागली आणि पोलादी सळ्या असलेल्या पाठीचे चित्र निव्वळ काळा डाग दिसू लागले. टायटॅनियमने तो डाग पुष्कळ लहान केला. हाडाशी तर त्याचे जमतेच. स्वीडनमधल्या लुंडला पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला घेतली, तर ती निघेनाच. म्हणजे जे टायटॅनियम आज चित्र बिघडवते म्हणून बदनाम आहे, ते एकेकाळी चित्र सुधारते म्हणूनच पसंत पडले होते.

आता कर्करोगाकडे. कण्यात सापडणारा कर्करोग बहुतेक वेळा कण्याचा स्वतःचा नसतोच. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड अशा ठिकाणांहून तो रक्तावाटे येऊन मणक्यात वस्तीला बसतो. मणक्याचा ठोकळा आतून पोकळ होतो, एखाद्या दिवशी खचतो, गाठ मागे सरकून मज्जारज्जूला दाबते, आणि काल बाजारात जाऊन आलेला माणूस आज पलंगावरून उठू शकत नाही. कित्येक दशके यावर एकच शस्त्रक्रिया होती: मणक्याची मागची कमान काढून टाकायची, म्हणजे रज्जूला जागा होईल. गाठ असते बहुधा पुढे. पुढची भिंत खचलेली असताना मागचीही पाडण्याचाच हा प्रकार. कणा आणखी डळमळीत होई आणि निकाल केवळ किरणोपचारापेक्षा काही बरा येत नसे. त्यामुळे शल्यविशारद मागे हटले आणि आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणे’ म्हणतात तेवढेच उरले.

हा समज केंटकीचे रॉय पॅचेल आणि त्यांचे सहकारी यांनी मोडला. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची चाचणी छापून आली. १०१ रुग्ण, निम्म्यांना नुसते किरण, निम्म्यांना आधी शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया म्हणजे फक्त कमान काढणे नव्हे, तर दाब जिथून येतो तिथे जाऊन गाठ काढणे आणि गरज असेल तिथे कणा धातूने सावरणे. पहिल्या गटात ५७ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले, दुसऱ्या गटात ८४ टक्के. चालण्याची ताकद टिकण्याचा मध्यक एका बाजूला १३ दिवस आणि दुसऱ्या बाजूला १२२. फरक इतका ढळढळीत होता की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. १२२ दिवस म्हणजे काय मोठेसे, असे निरोगी माणसाला वाटेल. ज्याच्या हातात एकूण काही महिनेच आहेत, त्याला स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.

यानंतर कर्करोगाच्या रुग्णांच्या पाठीत टायटॅनियमचा ओघ सुरू झाला. त्याच सुमारास किरणोपचारही बदलत होता. जुन्या पद्धतीत झोत ढोबळ; मूत्रपिंडाच्या कर्करोगासारख्या हट्टी गाठींना तो पुरत नसे. आता संगणकाने नेम धरून, दोन-तीन मिलिमीटरच्या अचूकतेने, मोजक्या बैठकांत प्रचंड मात्रा देता येऊ लागली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इस्पितळात मार्क बिल्स्की, इल्या लाउफर आणि योशिया यामादा यांच्या गटाने यावरून शस्त्रक्रियेचे कामच वेगळे ठरवले. गाठ पूर्ण काढायचा अट्टहास नाही. मज्जारज्जूभोवतीचे गाठीचे कडे तेवढे सोडवायचे, दोघांमध्ये काही मिलिमीटरची फट पाडायची, कणा स्क्रूंनी सावरायचा आणि गाठ मारायचे काम किरणांवर सोपवायचे. याला ते ‘विलग करणारी’ शस्त्रक्रिया म्हणतात. २०१३ मध्ये त्यांनी अशा १८६ रुग्णांचा हिशेब दिला. वर्षभरात त्याच जागी गाठ पुन्हा वाढली ती सुमारे १६ टक्क्यांत.

शल्यविशारद आता पुढच्या कारागिरासाठी जमीन तयार करून देणारा झाला होता. आणि त्या तयार जमिनीत तो स्वतःच खडक पेरून ठेवत होता.

खडक म्हणजे काय ते समजायला सीटी स्कॅनच्या खोलीत जावे लागते. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र काढले. तेव्हापासून शरीराच्या प्रत्येक कणाला एक अंक मिळू लागला: पाण्याला ०, हवेला उणे १०००, घट्ट हाडाला हजार किंवा त्याहून अधिक. धातू या मोजपट्टीच्या बाहेर जातो. त्याच्याभोवती पांढऱ्या आणि काळ्या रेघांचा असा चांदणीसारखा फराटा उमटतो की शेजारी गाठ आहे, फट आहे की रज्जू आहे, ओळखू येत नाही. किरणोपचाराची आखणी करणारा भौतिकतज्ज्ञ याच अंकांवरून हिशेब करतो. अंक खोटे तर हिशेब खोटा. मग तो माउस हातात घेऊन फराट्यावर रंग भरत बसतो: इथे मऊ मांस धरू, इथे पाणी धरू, इथे टायटॅनियम. तासन्‌तास चालणारे काम, आणि शेवटी अंदाजच.

क्ष-किरणांच्या बाबतीत अंदाज थोडा चुकला तर स्क्रूच्या सावलीत मात्रा कमी पडते. प्रोटॉनच्या बाबतीत चूक वेगळ्या जातीची असते. विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले होते की असा कण पदार्थातून जाताना वाटेत थोडी-थोडी ऊर्जा सांडतो आणि थांबण्याच्या क्षणी बाकीची सगळी एकदम ओततो. १९४६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी सुचवले की हाच गुण वैद्यकात वापरावा. गाठीत थांबवा, पुढचे सगळे सुरक्षित. थांबण्याची जागा मात्र वाटेत काय-काय लागले त्यावर ठरते. टायटॅनियमची घनता पाण्याच्या साडेचार पट. वाटेत त्याचा स्क्रू आला की प्रोटॉन आधीच दमतो. किती आधी, हे त्या फराट्यातून वाचायचे. फिलिगेनच्या त्या ३० टक्क्यांमागे काय-काय असेल, त्यातले एक हे.

धातूखेरीज कणा पेलणारे काही आहे का? होते. कार्बनचा धागा. त्याची कथा रुग्णालयापासून फार लांब सुरू झाली होती.

एडिसनने १८७९ मध्ये सुती दोरा जाळून त्याचा कोळसा केला आणि दिव्यात लावला; पुढच्या वर्षी जपानमधल्या क्योटोजवळच्या यावाताचा बांबू त्याला अधिक टिकाऊ वाटला. कार्बनचा धागा तो हाच, पण नाजूक, फुंकरीने तुटणारा. खरा धागा १९५८ मध्ये सापडला. ओहायोत क्लीव्हलँडजवळच्या पार्मा इथे युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ प्रचंड दाबाखाली कार्बन वितळवू पाहत होता. विजेच्या ठिणगीने साचलेल्या काजळीच्या ढेपीत त्याला केसाहून कितीतरी बारीक तंतू दिसले. पोलादाला लाजवील अशी त्यांची ताकद होती. बनवण्याचा खर्च त्याने काढला तो पौंडाला एक कोटी डॉलर. लगेच ओसाकात, सरकारी औद्योगिक संशोधनसंस्थेत, आकिओ शिंदो यांनी ज्या ॲक्रिलिकचे स्वस्त स्वेटर विणतात तेच तापवून तंतू काढून दाखवले. इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधनकेंद्रात विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि जॉन्सन यांनी तापवताना तो धागा ताणून धरायची युक्ती शोधली. १९६४ मध्ये तिचे पेटंट झाले. कार्बन आता उद्योगाला देण्याजोगा झाला.

त्याचा पहिला मोठा डाव फसला तो विमानात. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-२११ इंजिनाचे पुढचे पंखे कार्बनच्या धाग्याचे केले. हलके, ताठ, सगळे उत्तम. मग उडता पक्षी इंजिनात शिरला तर काय, हे पाहण्यासाठी तोफेतून कोंबडी मारतात ती परीक्षा झाली, आणि पंखे फुटले. कंपनी टायटॅनियमच्या पंख्यांकडे वळली. इतर खर्चही हाताबाहेर गेला होता. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसने दिवाळे जाहीर केले. कार्बन हरला आणि टायटॅनियम जिंकले, असा तो पहिला सामना. चाळीस वर्षांनी पाठीच्या कण्यात हेच दोघे पुन्हा समोरासमोर येणार होते आणि या वेळी ताकद हा प्रश्न दुय्यम असणार होता.

शरीरातही कार्बनची सुरुवात वाईटच झाली. १९७७ मध्ये कार्डिफचे डेव्हिड जेन्किन्स यांनी तुटलेल्या अस्थिबंधांच्या जागी कार्बनच्या धाग्यांची वेणी बसवण्याचे प्रयोग मांडले. कल्पना छान होती: वेणीभोवती शरीर स्वतःचा अस्थिबंध विणून घेईल. पण गुडघ्यात वेणी घासली, धागे तुटले आणि सांध्याच्या अस्तरात काळी पूड साचली. अमेरिकेत कृत्रिम गुडघ्यासाठी पॉलिथिलीनमध्ये कार्बनचे तुकडे मिसळून पाहिले गेले. तेही साध्या पॉलिथिलीनपेक्षा लवकर खराब झाले आणि बाजारातून गेले. माझ्या मते दोष कार्बनचा नव्हता, नेमणुकीचा होता. घासणाऱ्या, सतत हलणाऱ्या जागी त्याला बसवले होते. जिथे काहीच हलू नये अशी अपेक्षा असते ती जागा कुणी त्याला दिली नव्हती.

ती जागा मिळाली, आणि वाट गेली घोड्यांवरून. मानेच्या मणक्यात रज्जू दाबला गेला की घोडा लडखडतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातले अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅग्बी यांनी अशा घोड्यांच्या दोन मणक्यांत भोकाभोकांची पोलादी टोपली बसवली. टोपलीत घोड्याचेच हाड भरायचे, ते भोकांतून वाढून मणके जुळतात. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकणारा सिॲटल स्लू हा घोडा म्हातारपणी अशाच शस्त्रक्रियेवर उभा राहिला. टोपली माणसात आली. जॉन ब्रँटिगन आणि आर्थर स्टेफी यांनी तिला चौकोनी पिंजऱ्याचा आकार दिला आणि पोलादाऐवजी कार्बनचा धागा घेतला, उष्णता आणि रसायने झेलणाऱ्या पीईईके कुळातल्या प्लास्टिकमध्ये गोठवलेला. (हे अक्षरांचे नाव सलग वाचले की ‘पीक’ होते, मराठी रुग्णाला डॉक्टरने ‘तुमच्या पाठीत पीक घालू’ म्हटले तर तो घाबरेलच.) स्टेफी यांची कंपनी होती क्लीव्हलँडला. रॉजर बेकनच्या काजळीच्या ढेपीपासून मोटारीने जाण्याच्या अंतरावर.

ब्रँटिगन यांनी १९९१ मध्ये पिंजऱ्याच्या ताकदीच्या चाचण्या छापल्या, १९९३ मध्ये पहिल्या २६ रुग्णांचे दोन वर्षांचे निकाल, आणि १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मूळ आकर्षण होते ताठपणाचे. टायटॅनियमचा मिश्रधातू घट्ट हाडाच्या पाच-सहापट ताठ. सगळा भार तोच उचलतो आणि बाजूचे हाड काम नसल्याने वाळते. कार्बनचा पिंजरा हाडाच्या जवळ जाईल असा घडवता येत होता. त्यात एक जास्तीचा गुण निघाला. एक्स-रेमध्ये पिंजरा दिसतच नसे, त्यामुळे आतले हाड जुळले की नाही ते थेट वाचता येई. कंबरदुखीच्या शल्यविशारदांना ही सोय वाटली. ती सोयच पुढे मुख्य गोष्ट ठरेल हे ज्यांच्या लक्षात आले, ते कर्करोगाशी झुंजणारे होते.

बोलोन्या शहराच्या दक्षिणेला टेकडीवर एक जुना मठ आहे, सान मिकेले इन बोस्को. १८९६ पासून तिथे रिझोली हे अस्थिरोगाचे इस्पितळ आहे. मणक्याच्या गाठींवर जगात जे थोडे लोक आयुष्यभर काम करत आले, त्यांत तिथल्या स्तेफानो बोरियानी यांचे नाव पहिल्या ओळीत येते. मणक्यातली प्राथमिक गाठ फोडून काढली तर तिच्या पेशी सांडतात. ती सीताफळाची बी काढावी तशी नव्हे, तर फळ न फोडता, सालीसकट काढावी लागते. १९७०च्या आसपास स्वीडनमध्ये बर्टिल स्टेनर यांनी असा अख्खा मणका काढण्याची वाट दाखवली आणि पुढे जपानमध्ये कानाझावाच्या कात्सुरो तोमिता यांनी ती शिस्तीत बसवली. मणका काढला की तिथे खिंडार उरते. बोरियानी आणि सहकाऱ्यांनी ते भरायला कार्बनचे एकावर एक चढवता येणारे पिंजरे वापरले आणि २००२ मध्ये त्याचा वृत्तान्त दिला. पुढचा खांब पारदर्शक झाला. मागे स्क्रू आणि सळ्या मात्र अजून टायटॅनियमच्याच होत्या. घराची पुढची भिंत काचेची आणि मागे लोखंडी शटर, तशी ती अवस्था होती.

स्क्रू पिंजऱ्याहून फार अवघड. पिंजऱ्याला फक्त दाब सोसायचा असतो. स्क्रूला पिळ सोसावा लागतो, आणि कार्बनचा धागा ओढीला जितका बळकट तितका पिळाला नाही. तुकडे करून मिसळलेले धागे इथे चालत नाहीत, सलग लांब धागे स्क्रूच्या आट्यांमधून वळवून बसवावे लागतात. हे जमवले पुन्हा स्वित्झर्लंडमध्येच. फिलिगेनपासून पूर्वेला, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत ऱ्हाइनच्या खोऱ्यात आल्टश्टेटन हे गाव आहे. तिथल्या आयकोटेक या कंपनीने लांब धागे भरलेले प्लास्टिक तापवून दाबाने साच्यात वाहते करण्याची पद्धत बसवली. इस्रायलमध्ये हर्झलियाच्या कार्बोफिक्सने हात-पायांच्या हाडांसाठी कार्बनचे खिळे आणि पट्ट्या केल्या आणि तीही कण्याकडे आली. कार्बनला हाड टायटॅनियमइतके चिकटत नाही, म्हणून स्क्रूच्या अंगावर टायटॅनियमचाच पातळ मुलामा चढवावा लागला. ज्याला घराबाहेर काढले त्यालाच रंगाऱ्याच्या कामावर ठेवून घेतले.

बोरियानींच्या गटाने २०१८ मध्ये कार्बनच्या स्क्रू-सळ्यांच्या संचाचा पहिला अनुभव छापला: ३४ रुग्ण, २३२ स्क्रू. बसवताना एक तुटला. दोन रुग्णांचे त्रिकास्थीतले स्क्रू नंतर सैल झाले. म्हणजे धातूच्या तोडीस तोड. चित्रे मात्र पूर्वी कधी पाहिली नव्हती अशी स्वच्छ होती. शस्त्रक्रियेनंतर गाठीचा उरलेला कण एमआरआयमध्ये दिसू लागला, रज्जूची कडा रेखीव आली, आणि किरणांची आखणी करणाऱ्याला माउसने रंग भरायचे काम जवळजवळ उरले नाही. गाठ परत आली तर ती लवकर दिसेल, हा त्याहून मोठा लाभ.

तक्रारीही आहेत, आणि त्या शस्त्रक्रियागृहातून येतात. टायटॅनियमची सळी शल्यविशारद हत्याराने वाकवून त्या-त्या पाठीच्या बाकाला जुळवतो. सुताराने जागेवर रंधा मारावा तसे. कार्बनची सळी वाकत नाही, तुटते. ती कारखान्यातून ठरावीक बाकाचीच येते, आणि मग सळीला पाठ जुळवावी लागते. स्क्रूची निवड मर्यादित. लांबवर पसरलेल्या आजारात, जिथे आठ-दहा मणके बांधायचे, तिथे हे जड जाते. किंमत धातूपेक्षा बरीच अधिक. आतापर्यंतचे अहवालही बहुतेक एकेका इस्पितळातल्या थोड्या रुग्णांचे आणि मागे वळून पाहिलेले आहेत. म्हणून ज्याला शस्त्रक्रियेनंतर नेमके, मोठ्या मात्रेचे किरण मिळणार आहेत, किंवा ज्याची पुढे वर्षानुवर्षे तपासणी व्हायची आहे, त्याला कार्बन. ज्याला फक्त वेदना थांबवून बसते करायचे आहे, त्याला टायटॅनियम पुरते, असा व्यवहारी विचार मला पटतो. नव्या वस्तूचा मोह शल्यविशारदांनाही असतो.

महाराष्ट्रात प्रोटॉनचे यंत्र आले ते खारघरला, टाटा मेमोरियलच्या केंद्रात. २०२३ मध्ये तिथे रुग्णांवर उपचार सुरू झाले. मुंबईत १९४१ मध्ये उघडलेल्या या इस्पितळाकडे ‘लाईट घ्यायला’ गावोगावहून येणाऱ्यांच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसते की किरणोपचाराच्या यंत्राखालच्या ज्या काळ्या, टणक फळीवर आपण निजतो, ती बहुधा कार्बनच्या धाग्याचीच असते. खालून येणारा झोत अडू नये म्हणून. रुग्णाच्या पाठीत शिरण्याच्या कितीतरी आधीपासून कार्बन त्याच्या पाठीखाली होता.

आणि जो स्क्रू दिसत नाही तो बसवायचा कसा? पेडिकलमध्ये उतरताना शल्यविशारद दर काही वळणांनी पडद्यावर एक्स-रे पाहतो. टायटॅनियमचा स्क्रू तिथे काळाकुट्ट, आट्यांसकट दिसतो. कार्बनचा स्क्रू अर्धा आत गेला तरी पडद्यावर नुसते हाड आणि वरची अवजारे. बनवणाऱ्यांनी यावर उपाय केला तो टँटलमचा. टायटॅनियमचा अणुक्रमांक २२, याचा ७३. किरणांना अडवण्यात टायटॅनियमपेक्षा कितीतरी पुढे. पिंजऱ्यात त्याचे मणी आणि स्क्रूमध्ये त्याची बारीकशी खूण घालतात. शस्त्रक्रियागृहात दिवे मंद केले की शिशाचा डगला घातलेला शल्यविशारद मान वर करून पडद्यावर एक ठिपका शोधतो, मळसूत्र पाव फेरा फिरवतो, पुन्हा पाहतो. ठिपका पुढे सरकलेला असतो.